गाडी हळू होती, तरीही: सोसायटीच्या आवारात किंवा शेतरस्त्यावर सायकलस्वाराला धडक बसली तर काय करायचं

सोसायटीचं आवार, इमारतीखालचं पार्किंग, शाळेचं मैदान, साखर कारखान्याचं यार्ड, मळ्याकडे जाणारी पाणंद. अशा ठिकाणी गाडीची सायकलला धडक बसली की जमलेल्यांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते म्हणजे, "गाडी हळूच होती." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हजार-बाराशे किलोची गाडी माणसाच्या चालीने मागे येत असली आणि तिचं चाक वीस किलोच्या मुलाच्या अंगावरून गेलं, तर वेगाला काही अर्थ उरत नाही. इजा वजनाने होते. आणि हँडलचं टोक पोटात घुसायला तर गाडीचा नुसता धक्काही पुरतो.

वैद्यकीय नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-10 या वर्गीकरणात सार्वजनिक रस्त्याबाहेर झालेल्या धडकांचे संकेतांक वेगळे आहेत. कारच्या धडकेत जखमी झालेला सायकलस्वार 'व्ही13' या गटात येतो आणि तो सायकल चालवत असताना धडक रस्त्याबाहेर झाली असेल तर 'व्ही13.0'. नोंद वेगळी असली तरी इजा हलकी असते असं नाही. उलट अशा धडकेत आतली इजा नजरेतून सुटण्याची भीती जास्त. रक्त नाही, मूल उठून उभं राहिलं, रडायचं थांबलं, की सगळे घरी जातात. म्हणून जखम दिसते कशी यापेक्षा ती झाली कशी, हे आधी पाहायचं. हँडल कुठे लागलं, चाक कशावरून गेलं, मूल गाडी आणि भिंतीच्या मध्ये चेपलं का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे निर्णय ठरतात.

पहिली दोन मिनिटं: गाडी हलवू नका

धडक कळताच चालकाचा हात आपोआप गिअरकडे जातो, गाडी पुढे-मागे घ्यायला. तिथेच थांबायचं. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर ठेवा. बटणाने सुरू होणारी गाडी किंवा इलेक्ट्रिक गाडी आवाज न करता चालू राहू शकते, म्हणून किल्ली गाडीपासून लांब नेऊन एकाच माणसाच्या हातात द्या. मग वाकून खाली बघा. मूल किंवा सायकलचा एखादा भाग चाकात अडकलेला असताना गाडी हलली तर चाक पुन्हा अंगावरून जातं, किंवा टायरच्या पकडीत कातडी खालच्या मांसापासून सोलून निघते. पहिल्या धक्क्यापेक्षा ही दुसरी इजा कितीतरी वेळा मोठी ठरते.

कोणी अडकलं असेल तर गाडी उचलायची, सरकवायची नाही. जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून विटा किंवा दगड लावा. लहान गाडीची एक बाजू सहा-आठ धडधाकट माणसं मिळून बोटभर-वीतभर उचलू शकतात. चाकावरच्या कमानीला धरा, बंपरला नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, निसटून हातात येतो. एकाने मोठ्याने एक-दोन-तीन म्हणायचं आणि गाडी वर आली की दुसऱ्याने लगेच खाली विटा, लाकडी ओंडका किंवा स्टेपनी सरकवायची. जॅक लावायचा तर दाराखालच्या पट्टीवर दिलेल्या खाचेतच लावा. माती भुसभुशीत असेल तर आधी खाली फळी ठेवा, नाहीतर जॅक जमिनीत रुततो आणि गाडी घसरते. चाक छातीवर किंवा पोटावर असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट पाहत बसू नका. उचलणं ताबडतोब सुरू करा. सायलेन्सरला चिकटून भाजलं असेल तर बाहेर काढल्यावर त्या जागी वीस मिनिटं नळाचं पाणी सोडायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

हे चालू असतानाच एकाने 108 ला फोन करायचा. 112 वरूनही मदत मिळते आणि गाडीखाली कोणी अडकलं असेल तर अग्निशमन दलाचा 101. फोन करणाऱ्याने मुलाचं वय, शुद्ध आहे का, चाक कशावरून गेलं आणि आत यायचं गेट कोणतं, एवढं सांगायचं. वॉचमनला गेटवर उभं करा, लिफ्ट खाली आणून अडवून ठेवा.

उचलून उभं करू नका

"उठ, उठ, काही नाही झालं" म्हणत दोन्ही बगलांत हात घालून उभं करणं ही आपल्याकडची सवय. त्यामागे माया असते, पण मानेला किंवा कण्याला इजा असेल तर तेवढ्याने ती वाढते. मूल जिथे पडलंय तिथेच आधी तपासा.

क्रम असा. भळाभळा रक्त वाहत असेल तर सगळ्यात आधी ते थांबवायचं. स्वच्छ रुमाल, ओढणी, टॉवेल, जे हाताशी असेल त्याची घडी करून जखमेवर तळहाताने दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका; बसलेली रक्ताची गाठ त्याने निघते. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. हातापायातून उसळी मारत रक्त येत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर पाच ते सात सेंटिमीटरवर, सांधा टाळून, चार-पाच सेंटिमीटर रुंद कापडी पट्टा बांधायचा, त्यात काठी घालून पीळ द्यायचा आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहायची. दोरी, वायर किंवा बुटाची नाडी कधीच नाही. ती मांस आणि नसा कापते.

मग श्वास. छाती वरखाली होते का हे दहा सेकंद बघा. श्वास नसेल किंवा अधूनमधून नुसता आचका येत असेल, तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब सुरू करा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, शाळकरी मुलात साधारण पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. अशा वेळी मानेची काळजी दुय्यम. श्वासच नसेल तर मान जपून उपयोग नाही.

श्वास चालू असेल तर एकाने डोक्याशी गुडघ्यांवर बसून दोन्ही कानांवर तळवे ठेवून डोकं स्थिर धरायचं. मुलाला बोलतं ठेवा, पण "इकडे बघ" म्हणू नका, ते मान वळवतं. उलटी आली तर डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून तिघांनी मिळून त्याला एकदम कुशीवर वळवायचं. साधारण आठ वर्षांच्या आतल्या मुलांचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं. सपाट जमिनीवर निजवलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासनलिका दुमडते. खांद्यांखाली टॉवेलची दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची घडी सरकवली की मान सरळ राहते. सायकलच्या हेल्मेटमध्ये चेहरा उघडाच असतो, त्यामुळे श्वास नीट चालू असेल तर ते काढायची घाई करू नका.

पाणी, साखरपाणी, चहा, बिस्किट, काहीही तोंडावाटे द्यायचं नाही. तहान लागली तर ओठ ओले करा. पुढच्या तासा-दोन तासांत भूल द्यावी लागली आणि पोट भरलेलं असलं तर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दुखण्यावरची गोळीसुद्धा डॉक्टरांनी बघितल्यावरच.

हँडल पोटात लागलं असेल तर

सगळ्यात जास्त फसवणारी इजा हीच, म्हणून इथे थोडं थांबू.

गाडीचा धक्का बसला की सायकलचं पुढचं चाक आडवं वळतं, हँडलचं एक टोक मुलाकडे येतं आणि मूल त्यावर पडतं. हँडलच्या नळीचा बाहेरचा व्यास ग्रिपच्या जागी साधारण 22 मिलिमीटर असतो, म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा. मुलाचं सगळं वजन त्या एवढ्याशा जागेवर येतं. ग्रिपचं टोक फाटून आतली लोखंडी नळी उघडी पडली असेल तर ती थेट पोटावर रुतते. लहान मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ, चरबी कमी आणि फासळ्या लवचिक, त्यामुळे यकृत आणि प्लीहा यांना मोठ्या माणसाइतकं आवरण नसतं. स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग कण्याच्या पुढ्यात आडवा असतो. पुढून हँडल, मागून कणा, आणि मधे ते चेपतं.

वरून काय दिसतं? बऱ्याचदा बेंबीच्या वर किंवा फासळ्यांच्या कडेखाली एक लालसर-निळी अर्धगोल खूण, एवढंच. कधी तीही नसते. म्हणून शर्ट वर करून चांगल्या उजेडात पोट, दोन्ही कुशी आणि जांघ बघा. हँडल जांघेत लागलं असेल तर पायाला रक्त नेणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊ शकते; तो पाय दुसऱ्यापेक्षा गार किंवा फिकट लागतो का, हे हात लावून पाहा.

अशी खूण असेल, किंवा मूल स्वतः "हँडल लागलं" म्हणत असेल, तर ते खेळत असलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची आणि शक्य असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गल्लीतल्या दवाखान्यात थांबण्यात वेळ जातो. वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरला पोटात कळ येत असेल, मूल वाकून चालत असेल, डावा खांदा काही न लागता दुखत असेल किंवा लघवी लाल झाली असेल, तर हे डॉक्टरांना शब्दशः सांगा. डाव्या खांद्यातलं दुखणं प्लीहेतून होणाऱ्या रक्तस्रावाचं असू शकतं. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि कळ खांद्यात जाणवते.

सोनोग्राफीत पोटातलं मोकळं रक्त दिसतं, पण आतड्याला पडलेलं छिद्र किंवा स्वादुपिंडाची चीर तिच्यात सुटू शकते. रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाला इजा झाली की वाढणारे घटक) पहिल्या काही तासांत नॉर्मल येऊ शकतं. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल आहे, पण चोवीस तास ठेवून घेऊ" असं डॉक्टर म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्या चोवीस तासांत दर थोड्या वेळाने पोट तपासणं, नाडी मोजणं आणि गरज पडल्यास रक्ताची तपासणी पुन्हा करणं, हाच खरा इलाज असतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत हवी. शरीरात रक्त दर किलोमागे साधारण 75 ते 80 मिलिलिटर असतं. वीस किलोच्या मुलात जेमतेम दीड लिटर. त्यातलं पाव भाग गेलं तरी मुलांचा रक्तदाब टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे "बीपी चांगलं आहे" यावर निश्चिंत होता येत नाही. त्याआधी दिसणाऱ्या खुणा साध्या असतात: नाडी जलद, तळहात-तळपाय गार, चेहरा पांढुरका, मूल गप्प किंवा उगाच चिडचिडं. नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. तीन-चार सेकंद लागत असतील तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना तेच आधी सांगा.

घरी सोडल्यावर पुढचे तीन दिवस बारकाईने बघायचे. आतड्याच्या भिंतीत साठलेलं रक्त हळूहळू फुगून वाट बंद करतं, त्यामुळे उलट्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊ शकतात. हिरवी उलटी, वाढतं दुखणं, ताप, पोट फुगणं, जेवण नको म्हणणं, यातलं काहीही झालं तर परत त्याच रुग्णालयात. यकृताला किंवा प्लीहेला इजा सापडली असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सायकल, क्रिकेट आणि उड्या बंद.

चाक पायावरून गेलं असेल तर

एक्सरे काढला, हाड मोडलं नाही, म्हणून आनंदाने घरी नेलं, आणि चार दिवसांनी पोटरीची कातडी काळी पडली. चाक पायावरून गेलेल्या इजेत असं होतं. फिरतं टायर कातडी ओढतं आणि ती खालच्या स्नायूंच्या आवरणापासून सुटते. वरून फाटत नाही, पण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा तुटतात आणि मधल्या पोकळीत रक्त साठतं. तपासताना त्या जागी हात ठेवला तर खाली पाणी भरल्यासारखं डुचमळतं, कातडी नेहमीपेक्षा जास्त सरकते आणि स्पर्श बधिर लागतो. टायरच्या नक्षीचा ठसा दिसत असेल तर फोटो काढा आणि सुजेची कड पेनाने आखून ठेवा. दोन तासांनी ती पुढे सरकली का ते कळतं. अशी कातडी चोळू नका, शेकू नका, घरी पंक्चर करून पाणी काढू नका.

दुसरा धोका पोटरीच्या आतला. स्नायू घट्ट आवरणात असतात. आत सूज किंवा रक्त वाढलं की दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. सगळ्यात आधी दिसणारं लक्षण म्हणजे इजेच्या मानाने फारच जास्त दुखणं, औषधानेही न हटणारं. पायाची बोटं हलकेच वर ओढली की मूल किंचाळतं, पोटरी लाकडासारखी टणक लागते. पावलाची नाडी लागते म्हणून सगळं ठीक आहे, असं समजू नका. नाडी शेवटपर्यंत लागू शकते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दाब मोकळा केला नाही तर स्नायू कायमचे मरू लागतात. प्लास्टर घातल्यानंतर रात्री दुखणं वाढत असेल तरी हेच. सकाळची वाट न पाहता प्लास्टर कापून घ्यायला जा. पाय हृदयाच्या पातळीत ठेवा, उंच टांगू नका आणि वर घट्ट क्रेप बँडेज गुंडाळू नका.

रुग्णालयात नेईपर्यंत आधार द्यायला पुठ्ठ्याचा खोका किंवा गुंडाळलेली वर्तमानपत्रांची चवड पुरते. जिथे दुखतंय त्याच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे त्यात आले पाहिजेत. सूज यायच्या आत पैंजण, कडं, अंगठी काढा. बूट ओढू नका. नाड्या सोडा किंवा कात्रीने कापा. बांधण्याआधी आणि बांधल्यावर बोटांचा रंग आणि ऊब बघा. तेल लावून चोळून घेणं, हाड 'बसवून' घेणं, हे अजून गावोगाव चालतं आणि त्याने बंद फ्रॅक्चरचं उघडं होतं. कंबरेवरून चाक गेलं असेल तर कंबर हलवून बघायची नाही. चादरीची रुंद घडी मांड्यांच्या वरच्या टोकाशी, नितंबांच्या हाडांच्या रेषेत गुंडाळून आवळायची आणि गुडघे एकत्र बांधायचे.

वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिची इजा पहिल्या एक्सरेत दिसेलच असं नाही. सांध्याजवळ दुखतच राहिलं तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढून घ्या.

डोकं, दात, खरचटणं

बेशुद्ध पडणं, दोनपेक्षा जास्त उलट्या, आकडी (फिट), वाढती गुंगी, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, कानामागे किंवा डोळ्यांभोवती निळसरपणा: यातलं एकही दिसलं तर न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. मूल आधी ठीक वाटून तासा-दोन तासांनी झोपाळू होणं जास्त धोक्याचं. कवटीच्या आत नस फाटली की असं होतं.

कायमचा दात निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. दुधाने किंवा पाण्याने हलकेच खळबळून जमल्यास जागेवर बसवा, नाहीतर थंड दुधात टाकून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्या. दुधाचा दात परत बसवायचा नाही.

खरचटलेल्या जागेवर पाच-दहा मिनिटं वाहतं पाणी सोडा. अडकलेली खडी, डांबर आणि माती तशीच राहिली तर कातडीत कायमचे काळे डाग उरतात. हळद, चहापत्ती, कॉफी, शेण, राख नको. गोठ्याजवळची किंवा शेतातली माती लागली असेल तर धनुर्वाताचा प्रश्न येतोच. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. जखम मळकी असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर बूस्टर लागतो. मुळात लसीच अर्धवट असतील तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही द्यावं लागतं.

पाणंदीवर ट्रॅक्टर-ट्रॉली

ऊसतोडीच्या हंगामात मळ्यातल्या रस्त्यावर सायकल आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या समोरासमोर येतात. वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, वळणाच्या आतल्या बाजूला सरकते. आतल्या कडेला थांबलेला सायकलस्वार ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून सायकल काढायला लागतो आणि दुसऱ्या ट्रॉलीचं चाक त्याच्यावर येतं. शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलामुलींना एवढं एकच शिकवलं तरी पुरे: ट्रॉली दिसली की वळणाच्या बाहेरच्या बाजूला, सायकलवरून उतरून, बांधावर चढून उभं राहायचं आणि शेवटची ट्रॉली जाईपर्यंत हलायचं नाही. चालत्या ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेणं तर मुळीच नाही.

भरलेली ट्रॉली माणसांच्या जोराने उचलत नाही. ट्रॉलीसोबतचा हायड्रॉलिक जॅक, खाली जाड फळी आणि प्रत्येक बोटभर उचलीनंतर ओंडका, अशा टप्प्यांनीच वर घ्यायची. ट्रॅक्टर पुढे-मागे घेऊन सोडवायचा प्रयत्न करू नका. ॲम्ब्युलन्स पाणंदीत शिरत नाही, म्हणून एकाला मोटरसायकलवर डांबरी रस्त्याच्या फाट्यावर पाठवा. फोनवर गावाचं नाव पुरत नाही. वस्तीचं नाव, जवळची विजेची डीपी, विहीर किंवा देऊळ सांगा. न्यायला बाज वापरायची तर तिच्यावर आधी फळी किंवा काढलेलं दार ठेवा, झोळ पडलेल्या बाजेत कणा वाकतो.

रुग्णालयात काय सांगायचं, काय जपून ठेवायचं

घाबरलेले पालक "सायकलवरून पडला" असं सांगतात, कधी शेजाऱ्याला त्रास नको म्हणूनही. तसं करू नका. पडणं आणि गाडीखाली येणं यांच्या तपासण्या वेगळ्या असतात. कागदावर पाच ओळी लिहून द्या: किती वाजता, कोणती गाडी आणि कुठल्या बाजूने, अंगाच्या कोणत्या भागावरून चाक गेलं किंवा हँडल लागलं, शुद्ध हरपली का आणि किती वेळ, शेवटचं खाणं कधी. गाडीमुळे झालेली इजा म्हणून रुग्णालय मेडिको-लीगल (पोलिसांच्या आणि कायद्याच्या कामी लागणारी) नोंद करतं. ती होऊ द्या, पुढे विम्याचा दावा तिच्यावरच उभा राहतो.

आवारातला अपघात म्हणजे पोलिसांचा विषय नाही, हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे काय, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1988 मध्ये पांडुरंग चिमाजी आगळे खटल्यात निकाल दिला: जागा खाजगी मालकीची असली तरी लोकांना तिथे येण्याजाण्याची मुभा असेल, मग ती नियंत्रित का असेना, तर ते सार्वजनिक ठिकाण ठरतं. "आमच्या कंपाउंडमध्ये झालं, विमा लागू नाही" असं कोणी म्हणालं तर वकिलाला हा निकाल दाखवा. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम 164 खाली गंभीर इजेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये ठरलेले आहेत. अपघातग्रस्तांसाठी 2025 साली आलेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळतात, पण तिच्या मजकुरात 'रस्त्यावर' झालेला अपघात म्हटलं आहे; आवारातल्या अपघातासाठी तिच्यावर विसंबून पैशांची सोय थांबवू नका.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. सायकल, हँडलचं टोक, टायरच्या खुणा, गाडीची नंबर प्लेट, गाडी थांबलेली जागा, यांचे फोटो काढा. सायकल दुरुस्तीला टाकायची घाई नको.

आवारात बदलता येण्यासारखं

भारतात 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ते नाहीत. आणि असले तरी सायकलची बारीक फ्रेम किंवा तिरपी आडवी जाणारी सायकल त्यांना वेळेत सापडेलच असं नाही. गाडी काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि मग लगेच बसून निघायचं; फेरीनंतर फोन बघत पाच मिनिटं घालवली तर फेरी वाया. शक्य तिथे गाडी मागे घेऊन लावा म्हणजे निघताना तोंड बाहेर असेल. रॅम्पच्या तोंडाशी आणि खांबाआडच्या वळणावर बहिर्गोल आरसा आणि रॅम्प संपतो तिथे गतिरोधक बसवून घ्या. मुलांच्या सायकलींसाठी रॅम्प पूर्ण बंद ठेवा. संध्याकाळी पाच ते साडेसात एका बाजूचा भाग कुंड्या लावून गाड्यांना बंद करणं हा बहुतेक सोसायट्यांना परवडणारा उपाय आहे.

सायकलही तपासा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. पुढच्या वर्षी बसेल म्हणून घेतलेली मोठी सायकल मुलाला ऐन वेळी थांबवता येत नाही. ब्रेकची दांडी मुलाच्या बोटांना पोचते का, पूर्ण दाबल्यावर ती ग्रिपला टेकत तर नाही ना, ब्रेकचं रबर रिमवर बसतं की टायरला घासतं, हे बघा. हँडलची दोन्ही टोकं दर महिन्याला बोटाने चाचपा. ग्रिप फाटली असेल, टोकाचं बूच पडलं असेल, तर नवी जोडी लावेपर्यंत सायकल बाहेर काढू नका. धडक बसलेल्या सायकलचा पुढचा फोर्क सरळ आहे का, चाक फिरवल्यावर लहरतं का, हँडल आणि चाक एका रेषेत आहे का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. हेल्मेटला आपट बसली असेल तर वरून तडा दिसत नसला तरी ते बदला. आतला थर्माकोल एकदा दाबला गेला की परत फुगत नाही.